मानीबाईचं इनकमिंग

मानीबाई आणि तिची सून बबिता यांचं भांडण झालं ते फोनवर, आणि तेही जेमतेम दीड मिनिटाचं.

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. तांड्यातली निम्मी तरणी माणसं त्या वर्षी कामाला बाहेर गेली होती. मानीबाईचा मुलगा सुनील, सून बबिता आणि सहा वर्षांची नात पायल दिवाळी आटोपली तशी पुण्याकडं एका इमारतीच्या कामावर गेली. घाटंजीपासून बारा किलोमीटरवरच्या त्या तांड्यात मागं राहिले ते मानीबाई, तिचा नवरा भीमसिंग, दोन शेळ्या आणि तीन एकरांतला उभा कापूस. भीमसिंगला दोन्ही कानांनी कमी ऐकू यायचं, म्हणून घरातला एकुलता एक बटणांचा फोन मानीबाईकडं असायचा. कापडी पिशवीत घालून ती तो गळ्यात अडकवायची. वेचणीच्या वेळीही तो तिथंच लोंबकळत असे.

रोज संध्याकाळी बबिताचा फोन यायचा. त्या दिवशी बोलता बोलता पायलच्या खोकल्याची गोष्ट निघाली.

"पोरीले तठी सिमेंटात कायले ठेवतं?" मानीबाई म्हणाली. "अठी धाडून दे. शाळा बी होईल."

"तिले सोडून मले झोप येत नाई, याडी." सासूला बबिता याडी, म्हणजे आई, म्हणायची.

"तुले तुह्या झोपेची पडली हाय. पोरीचं काय?"

पलीकडून फोनच कट झाला.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मानीबाई फोन हातात घेऊन बसायची, पडद्यावरची रेंजची काडी बघायची आणि परत पिशवीत टाकायची. चौथ्या दिवशी तिनं मनाचा हिय्या करून स्वतःच बबिताचा नंबर लावला. तिकडून एक बाई शुद्ध हिंदीत भराभरा काहीतरी बोलली. त्यातला 'बंद' एवढा एकच शब्द मानीबाईला नीट कळला.

"बंद करून ठेवला तिनं," ती भीमसिंगच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली.

"कोन?"

"तुमची सून! राग आला तिले."

भीमसिंग म्हणाला, "तू बी लई बोलतं."

हे ऐकून मानीबाईला जास्तच लागलं. तिनं पुन्हा नंबर लावला नाही. शेजारच्या फुलसिंगचा फोन घेऊन बघावा असं मनात आलं, पण सून आपल्याशी बोलत नाही हे तांडाभर कशाला करायचं, म्हणून तीही गोष्ट तिनं टाळली. नऊ दिवस असेच गेले. वेचणी करताना बोंडाची टोकं बोटांना लागायची आणि ती स्वतःशीच बबिताला उत्तरं देत बसायची.

तिकडं पुण्यालाही तेच चाललं होतं. बबितानं दुसऱ्याच दिवशी फोन लावला होता. 'हा नंबर सध्या सेवेत नाही' असं ऐकू आलं. सासूनं रागानं सिमच काढून टाकलं, असं तिनं धरून घेतलं. सुनील म्हणाला, "तिची रग उतरू दे." मग फुलसिंगकाकाला लावून पाहिलं, तर त्याचाही नंबर लागेना. तांड्यातला तिसरा नंबर त्यांच्याकडं नव्हता.

त्यातच साइटवर एक प्रकार झाला. पाण्याच्या उघड्या टाकीत मुकादमाचा पोरगा पडला. लगेच बाहेर काढला म्हणून वाचला. त्या दिवशी बबितानं पायलला मांडीवरून खाली उतरू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी केळापूरकडच्या तांड्यातली बिजलीबाई गावी निघाली होती. बबितानं पायलचे कपडे पिशवीत भरले आणि तिच्याबरोबर पोरगी धाडली. "घाटंजीले सासू येईल. फोन लागला की सांगतोच," असं ती म्हणाली. रात्रभर ती आणि सुनील आळीपाळीनं नंबर लावत राहिले. लागला नाही. तोवर गाडी अर्ध्या वाटेवर पोचली होती.

दुपारी घाटंजीच्या स्टँडवर बिजलीबाई पायलचा हात धरून उतरली तेव्हा तिथं कोणीच नव्हतं. तिच्या तांड्याकडं जाणारी पांढरकवड्याची गाडी समोर उभी होती. कंडक्टर पंधरा मिनिटं म्हणाला होता. स्टँडच्या भिंतीला लागून शीलाचं झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान होतं. बिजलीबाईनं तिथं जाऊन बबितानं दिलेल्या चिठ्ठीवरचा नंबर पुढं केला.

"बाई, एवढा लावून दे वो. पोरीची आजी हाय. कालपासून लागून नाई राह्यला."

शीलानं लावला. ऐकलं. परत लावला.

"फोन बंद नाई जी," ती म्हणाली. "याचं इनकमिंग कंपनीनं बंद केलं. येणारे फोन बी नाई, जाणारे बी नाई. दोन हप्त्यांपासून असे लई येऊन राह्यले माह्याकडं. रिचार्ज करा लागते."

"अन् मंग आता?"

"रिचार्जले फोन हातात लागत नाई. नंबर पुरतो."

तिनं आपल्या मोबाइलवर तो नंबर टाकला, सगळ्यात लहान पॅक निवडला, पस्तीस रुपयांचा, आणि बटण दाबलं. पैसे कोण देणार हे तिनं विचारलं नाही. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. "दोन मिनिटं थांबा ना भाऊ!" बिजलीबाई कंडक्टरवर ओरडली. पायल काउंटरला टेकून दोघींच्या तोंडाकडं बघत होती. शीलानं तिसऱ्यांदा नंबर लावला, आणि या वेळी रिंग गेली.

मानीबाई कापसाच्या तासात, दोन ओळींमध्ये वेचत होती. गळ्यातली पिशवी थरथरायला लागली तेव्हा आधी ती दचकलीच. ओढणीला चिकटलेला कापूस झटकत तिनं फोन बाहेर काढला. पडद्यावर अनोळखी नंबर होता.

"हालो? कोन?"

"मावशी, मी घाटंजीच्या स्टँडवरून बोलून राह्यली. तुमची नात पायल माह्यापाशी बसली हाय. घाबरू नका, पोरगी चांगली हाय. तुमी या."

मानीबाईनं त्या बाईला तीनदा विचारलं, कोण पायल, कोणाची पायल. शेवटी शीलानं फोन पोरीच्या कानाला लावला. "दादी," पायल म्हणाली, "मले भूक लागली."

पोरीनं आजीचा आवाज ओळखलेला पाहून बिजलीबाई धावत जाऊन गाडीत चढली. आणि मानीबाईनं अर्धी भरलेली झोळी तिथंच शेतात टाकली, धुऱ्याच्या बांधापलीकडं बसलेल्या भीमसिंगला हातानं खुणा केल्या आणि ती सडकेच्या दिशेनं निघाली. ऑटो मिळायला अर्धा तास गेला. तो अर्धा तास ती सडकेवर उभी राहिली नाही, घाटंजीकडं तोंड करून चालतच राहिली.

दुकानात पोचली तेव्हा पायल स्टुलावर बसून आलूबोंडा खात होती. मानीबाईनं तिला उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. बबिता होती.

"याडी! पोचली का वो पोरगी?"

"पोचली. अन् तू नऊ दिवस फोन काहून नाई केला?"

"तुमीच तं सिम काढून टाकलं!"

"मी कायले काढू? तूच बंद करून ठेवला व्हता!"

दोघी एकाच वेळी बोलत होत्या. मग पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मले वाटलं, तुमी मले बोलतच नाई आता," बबिता म्हणाली.

मानीबाई पाठमोरी झाली. स्टँडवरच्या माणसांसमोर तिला रडायचं नव्हतं. "पोरीले पाठवलं ते बरं केलं," ती म्हणाली. "पन तू जेवत जाजो टाइमावर."

फोन ठेवल्यावर तिनं शीलाचे पस्तीस आणि आलूबोंड्याचे पैसे दिले. आलूबोंड्याचे शीलानं घेतले नाहीत.

"आता हे परत तं नाई बंद होणार?" मानीबाईनं विचारलं. "सुनीलनं सिम आनलं तवा सांगतलं व्हतं, जनमभर इनकमिंग फुकट."

"ते दिवस गेले, मावशी. हे अठ्ठावीस दिवस चालन. मंग परत करा लागन."

"अन् नाई केलं तं?"

"परत आजच्यासारखंच."

मानीबाई स्टुलावर बसली. पायल तिच्या मांडीला टेकून उभी राहिली. भिंतीवर पॅकचे रंगीत कागद लावले होते, मोठ्या आकड्यांचे. "त्यातला चांगला कोनता?" तिनं विचारलं.

शीलानं उलट तिलाच विचारलं. "आधी मले सांगा, फोन तुमी करता का तुमाले येतात?"

"येतात. मी करत नाई. केला तं हप्त्यातून एकदा, दवाखान्याच्या गाडीसाठी नाई तं सुनीलले."

"नेट पाहता?"

"याच्यात कुठलं नेट!" मानीबाईनं बटणांचा फोन वर धरला.

"मंग ह्या भिंतीवरचं एक बी तुमच्या कामाचं नाई. हे सारं नेटवाल्यायचं हाय. तुमच्या तांड्यातले फुलसिंगबाबा आज सकाळीच दुसऱ्या दुकानातून नेटचा भारीवाला पॅक मारून आले. तुमच्याच सारखा फोन त्यायचा."

शीलानं पुढं सांगितलं की एका दुसऱ्या कंपनीचं वर्षभर चालणारं स्वस्त इनकमिंग आहे. नंबर हाच राहील, फक्त कंपनी बदलेल. एकदा पैसे भरले की वर्षभर बघायला नको. मानीबाईला ते एकदम पटलं. कापूस विकला की एकदाच भरून टाकायचं. ती लगेच हो म्हणणार होती, पण शीलानंच तिला थांबवलं.

"घरात त्याची रेंज येते का ते पाहा आधी. माह्याकडं त्या कंपनीचं एक सिम हाय. हप्ताभर घेऊन जा. पुढच्या बाजारी वापस द्या."

फुलसिंगच्या फोनमध्ये ते सिम घालून मानीबाई आणि पायल तांडाभर फिरल्या. पायलला आकडे यायचे, म्हणून काड्या मोजायचं काम तिच्याकडं होतं. घरात एकही काडी नाही. गोठ्यात नाही. शेतात एक यायची आणि जायची. विहिरीच्या ओट्यावर मात्र चार. दोन दिवस दोघी वेगवेगळ्या वेळी जाऊन बघत राहिल्या; आकडे तेच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मानीबाई ओट्यावर अर्धा तास बसली. थंडी होती, आणि भीमसिंग जेवायचा थांबला होता. "फोनसाठी मी रोज विहिरीवर येऊन बसू का?" ती पायलला म्हणाली. आणि स्वस्त वर्षाचा विषय तिथंच संपला.

पुढच्या बाजारी तिनं सिम परत केलं. "माही जुनीच कंपनी बरी. पन ते अठ्ठावीस दिवस मी कसे धेनात ठेवू? महिना म्हनलं तं तारीख चुकते. अठ्ठावीस मले कोन सांगन?"

शीलानं कॅलेंडर काढलं, बोट ठेवत खाली खाली आली आणि थांबली. "मावशी, तुमी बाजाराले दर हप्त्याले येता ना?"

"येतो. बाजार नाई चुकत."

"मंग सोपं हाय. चार बाजार म्हणजे अठ्ठावीस दिवस. आज केलं तं चौथ्या बाजारी परत. तारीख पाहाचीच नाई."

मानीबाईनं बोटांवर मोजलं. एक, दोन, तीन, चार. मग परत मोजलं. आयुष्यभर तिनं दिवस असेच मोजले होते, पेरणी किती बाजार झाली, शेळी व्यायला किती बाजार राहिले. "हे कंपनीवाले बी बाजारच मोजतात म्हनजे," ती म्हणाली. शीला हसली आणि तिनं त्याच दिवशी नव्यानं पस्तीसचं मारून दिलं, म्हणजे गणती बाजारापासून सुरू होईल.

संध्याकाळी तांड्यात मानीबाईच्या दारात पाच-सहा म्हातारी माणसं जमली. फुलसिंग सगळ्यात पुढं होता, कारण नेटच्या पॅकचे त्याचे पैसे वाया गेले होते. मानीबाईनं प्रत्येकाला तेच विचारलं जे शीलानं तिला विचारलं होतं, फोन तू करतोस का तुला येतो. देवसिंग म्हणाला, तो रोज दोन्ही पोरींना करतो. त्याला पस्तीसचं पुरणार नव्हतं. त्याच्यासाठी शीलाला विचारून बोलण्याचा मोठा पॅक ठरला. बाकीच्यांना पस्तीसचंच पुरेसं होतं. एका म्हातारीचा फोन तीन आठवड्यांपासून मुका होता. तिच्या मुलानं मधल्या काळात बोलणंच टाकलं, असं ती सगळ्यांना सांगत होती. त्या रात्री तिनं पस्तीस रुपये मोजून वेगळे ठेवले.

होळीला सुनील आणि बबिता आले. होळी झाल्यावर सुनील एकटाच परत गेला. बबिता म्हणाली, "मी अठीच राह्यतो. वेचणी, निंदण, काहीही करीन." मानीबाई 'बरं' म्हणाली आणि चुलीत लाकूड सारलं. दोघींचं नंतरही पटायचं नाही, भाजीत मीठ किती आणि पायलला किती वाजता उठवायचं यावरून. पण आता समोरासमोर भांडत असल्यानं दुसऱ्या वेळच्या जेवणापर्यंत ते मिटायचंही.

जूनमध्ये दोघी पायलला घेऊन शाळेत गेल्या. गुरुजींनी नाव, जन्मतारीख, बापाचा धंदा लिहून घेतलं आणि मोबाइल नंबर विचारला. बबिता सुनीलचा सांगायला लागली.

"तो पुण्याले हाय," मानीबाई म्हणाली. "पोरगी पडली-झडली तं तो काय येणार? माहा लिहा." आणि तिनं दहा आकडे न अडखळता सांगितले.

गुरुजींनी लिहून घेतले. मग पायलला पुढं बोलावून पहिलीच्या वर्गात कुठं बसायचं ते दाखवलं. ती खिडकीजवळ जाऊन बसली आणि बाहेर उभ्या असलेल्या दोघींना हातानं घरी जा म्हणाली.