ठरलंय

कांदा अर्धा चिरून झाला होता. शिरीषराव कॅराव्हॅनच्या दारात येऊन उभे राहिले, फोन खिशात टाकला आणि म्हणाले, "ठरलंय."

अनुराधाची सुरी थांबली. हा शब्द तिच्या चांगला ओळखीचा होता.

"काय ठरलंय?"

"ही विकायची. ख्राइस्टचर्चहून एक जोडपं येतंय दुपारी, मकरंद आणि विनया. इंद्रनीलच्या ओळखीतले आहेत. आवडली तर घेऊन टाकतील म्हणे."

"आणि आपण?"

"आपण ऑकलंडला, टाकानिनीला. इंद्रनीलकडची खालची खोली रिकामीच आहे. जुईला शाळेतून आणायला त्यांना कुणीतरी हवंच आहे."

हे सगळं ते दाराच्या कडीकडे बघून सांगत होते.

"कुणी ठरवलं?"

"अगं, कुणी म्हणजे काय? बापलेक बोलत होतो. बोलता बोलता ठरलं."

बाहेर नॉर्वेस्टर सुटला होता. डोंगर उतरून कँटरबरीच्या मैदानात येणारा हा कोरडा, गरम वारा माणसाचं डोकं फिरवतो, असं इथले लोक म्हणतात. अनुराधाला आज वाऱ्याची गरज नव्हती. उरलेला कांदा तिने असा चिरला, की शिरीषराव दोन पायऱ्या उतरून खाली गेले.

बोलता बोलता ठरलं! नगरच्या शाळेतली तिची नोकरी सोडायचं ठरलं, ते तिला आमटी वाढताना कळलं होतं. मामंजी पानावरून मान वर न करता म्हणाले होते, "सूनबाई, जूनपासून शाळा नाही, ठरलंय." आमटीचा ओगराळा तिने तसाच हातात धरून ठेवला होता, तो अजून हाताला जाणवायचा. न्यूझीलंडला जायचं ठरलं, ते तर शेजारच्या कुलकर्णीबाईंनी अभिनंदन केल्यावर समजलं. ऑकलंडमधलं न्यू लिनचं घर घ्यायचं ठरलं. तीस वर्षांनी, तिने लावलेल्या लिंबाला नुकता बहर आलेला असताना, ते विकायचंही ठरलं. पाऊस पडतो, दूध नासतं, तसं या घरात ठरत आलं होतं. ठरवणारा माणूस म्हणून कधी कुणी सापडला नाही.

ही कॅराव्हॅनही अशीच एका संध्याकाळी दारात येऊन उभी राहिली होती. "यात राहून सगळा देश बघायचा. ठरलंय," असं शिरीषराव म्हणाले, तेव्हा ती कित्येक दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

पण रस्त्याला लागल्यावर एक वेगळीच गंमत झाली. जन्मभर ठरलेल्या रस्त्याने ठरलेल्या ऑफिसात गेलेला तो माणूस पहिल्याच सकाळी चहाचा कप हातात धरून नकाशापुढे गोंधळून बसला, आणि त्याने विचारलं, "आज कुठं?"

अनुराधाने मागे वळून पाहिलं होतं. मागे कुणी नव्हतं. तिलाच विचारलं होतं.

"समुद्राकडे," ती म्हणाली. आणि खरोखर गाडी समुद्राकडे गेली!

तेव्हापासून चार वर्षं रोज सकाळी तोच प्रश्न. तिने सांगावं, त्यांनी न्यावं. कधी तिच्या सांगण्यावरून चिखलात रुतले, कधी वेस्ट कोस्टच्या पावसात आठवडाभर कपडे वाळले नाहीत, तरी दुसऱ्या दिवशी चहाबरोबर "आज कुठं?" आलंच. मिसळणाच्या डब्याला दोन रबरबँड लावून ती घाट चढायला शिकली. कुकरची शिट्टी ऐकून शेजारचे तंबूतले लोक धावत यायचे, त्यांना तिने वरणभात खायला घातला. या चाकांवरच्या खोलीत तिला हवेसे झाले ते डोंगर आणि समुद्र नव्हेत. तो प्रश्न.

आणि आता तोच तिला न विचारता विकायला काढला होता.

दुपारी मकरंद आणि विनया आले. मकरंद पुण्याचा, इथे बांधकामाच्या कंपनीत इंजिनिअर. विनया ठाण्याची. दोघंही मोकळी, हसरी. त्यांच्यावर रागवावं असं काही नव्हतं, म्हणून अनुराधाला आणखी राग आला.

"काकू, किचन कसलं क्यूट आहे!" विनया म्हणाली. "आम्हाला वीकेंडला अगदी मस्त, इकडचे म्हणतात तसं, स्वीट अ‍ॅज."

"वीकेंडला?" अनुराधा म्हणाली. "बाकी दिवस कुठं ठेवणार?"

"ड्राइव्हवेमध्ये. कव्हर घालून."

अनुराधाने कप्पा बंद केला तो जरा जोरातच.

शेजारच्या जुन्या व्हॅनमधून कॉलिनने हात हलवला. "किया ओरा, आहो! लागला का ग्राहक?" त्याने इंग्रजीत विचारलं. दिवसभर "अहो, पाणी भरा", "अहो, जेवायला चला" ऐकून त्या भल्या म्हाताऱ्याने शिरीषरावांचं नावच 'आहो' आहे असं धरलं होतं, आणि सगळा कॅम्प त्यांना त्याच नावाने हाक मारायचा. एरवी अनुराधाला हसू यायचं. म्हणजे यालाही माहीत होतं तर! गावभर दवंडी, आणि बायकोला शेवटी.

"ओढायला कशी आहे ते दाखवतो," शिरीषराव मकरंदला म्हणाले. त्यांनी गाडी जोडली, कॅम्पला एक फेरी मारली आणि परत आपल्या जागेपाशी आले. आता कॅराव्हॅन उलटी आत घ्यायची होती. एका अंगाला कॉलिनची व्हॅन, दुसऱ्या अंगाला मॅक्रोकार्पाच्या झाडांचं उंच कुंपण.

हे काम नेहमी दोघांचं. ते स्टिअरिंगच्या चाकापाशी, ती मागे. तिने "या, या, या" म्हणायचं आणि शेवटी "बस." एवढ्या दोन शब्दांवर ही कॅराव्हॅन उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या ब्लफपर्यंत कुठेही न घासता गेली होती.

शिरीषरावांनी खिडकीतून डोकं काढलं. "अगं, ये ना मागे."

अनुराधा घडीच्या खुर्चीत बसली. "कशाला? बोलता बोलता ठरतंय ना तुमचं सगळं? मग बोलता बोलता या मागे."

"लोकांपुढे काय हे?"

"लोकांनाच विकताय ना? बघू देत."

"मी आहे ना काका," मकरंद लगबगीने उजव्या बाजूला धावला. "येऊ द्या, येऊ द्या... थोडं लेफ्ट... नाही नाही, तुमचं लेफ्ट नाही, हिचं लेफ्ट..."

कॅराव्हॅनची शेपटी वाकडी वळली. शिरीषरावांनी चाक फिरवलं, ती आणखी वळली. डाव्या अंगाला कुंपणापाशी विनया फोनवर फोटो काढत उभी होती. शिरीषरावांनी डावीकडच्या आरशात पाहिलं. अनुराधाने त्यांना पाहताना पाहिलं. नीट, सरळ, आरशात. आणि गाडी तशीच मागे येत राहिली.

"बस!"

ती कधी उठली हे तिचं तिलाच कळलं नाही. गाडी जागच्या जागी थांबली. विनयाची पाठ कुंपणाला टेकली होती आणि कॅराव्हॅनचा कोपरा तिच्या छातीपासून वीतभर लांब होता. मकरंदने तिला हाताला धरून बाहेर ओढलं.

अनुराधा खिडकीपाशी गेली.

"ती पोरगी दिसली नाही तुम्हाला?"

त्यांनी गाडी बंद केली.

"आरशात बघत होतात. मी बघितलं तुम्हाला बघताना. दिसली नाही?"

"डावा डोळा..." ते पुटपुटले. "मधोमध काळं दिसतं. उजव्यालाही आता थोडं धूसर..."

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"इंद्रनीलला माहीत आहे?"

त्यांनी मान हलवली. हो.

तिच्या डोक्यात वारा शिरल्यासारखं झालं. "म्हणजे डोळा तुमचा गेला, कळलं त्याला! आणि तुमच्या मागे उभी राहून घसा कोण फोडत होतं? त्या डोळ्याच्या शेजारी बसून डोंगर चढलं कोण? मी मेले असते ना घाटात, तरी म्हणाला असतात, बोलता बोलता ठरलं!"

"तुला काळजी नको म्हणून..."

"काळजी माझी. मी करीन नाहीतर टाकून देईन. तुम्ही कोण ती उचलून टाकानिनीला पाठवणारे?"

कॉलिन व्हॅनच्या पायरीवर येऊन पुन्हा आत गेला. भाषा कळली नाही तरी तोंड बघून त्याला पुरेसं कळलं असावं.

"खाली उतरा," ती म्हणाली.

"अगं, तू ही मागे घेतलीयस का कधी..."

"ऑकलंडच्या मोटरवेवर वीस वर्षं गाडी कोण चालवत होतं? उतरा."

शिरीषराव उतरले. ती चढली, सीट पुढे घेतली, आरसे आपल्या उंचीला लावले. पहिल्यांदा कॅराव्हॅन भलतीकडेच वळली. दुसऱ्यांदा कुंपणात घुसून फांद्या मोडल्या. मागून शिरीषराव "जरा डावं कर, म्हणजे चाक उजवं, पण हळू, आता सरळ घे" असं अख्खं व्याख्यान देत होते.

तिने खिडकीतून मान काढली. "दोनच शब्द आहेत. येत नाहीत का तुम्हाला?"

मग मागून बारीक आवाज आला. "ये. ये. ये... बस."

कॅराव्हॅन तिरकी का होईना, आत उभी राहिली.

मकरंद चाचरत पुढे आला. "काकू, मग आता... म्हणजे इंद्रनील म्हणाला होता की ठरलंय."

"त्याचं ठरलं असेल," अनुराधा म्हणाली. "ही विकायची नाही. हे मी ठरवलंय. मी. अनुराधाने. फोन आला तर त्याला तसंच सांग." मग विनयाकडे वळून, त्याच रागाच्या आवाजात, "आणि तू बस आधी. पाणी पी. कांदेपोहे करते, खाल्ल्याशिवाय जायचं नाही."

ते दोघं निमूटपणे बसले. चिरलेला कांदा वाऱ्याने सुकला होता. तिने तोच घातला.

ते गेल्यावर शिरीषराव बराच वेळ बाहेर उभे होते. मग त्यांनी चहा केला, स्वतः, आणि कप तिच्यापुढे ठेवला. साखर कमी होती. तिने सांगितलं नाही. त्यांनी नकाशा उघडला, उजव्या डोळ्याजवळ धरला, मिटला.

"अनू," ते म्हणाले, "उद्या कुठं?"

तिने त्यांना वाट पाहू दिली.

"ख्राइस्टचर्च. डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आत मी पण येणार." तिने गाडीची किल्ली आपल्या कमरेला खोचली. "त्यानंतरचं त्यानंतर सांगीन. आणि उद्या शेजारी बसाल तेव्हा डावीकडचं मला काही सांगायचं नाही."