सोयीचं वाटेल तिथे

आमच्या गावचं चॅनल थेरेझा वेलेट चालवायची. शाळेच्या तळघरात स्टुडिओ, आणि माझ्यासारखी फुकट राबणारी चार माणसं. नगरसभेच्या बैठका, पोरांची हॉकी, चर्चमधल्या जेवणाची आमंत्रणं, सगळं त्यावर लागायचं.

कॅमेरे आमचे चांगले होते. चित्र बिघडायचं ते केबल कंपनीच्या हाती गेल्यावर. बाकीची चॅनलं लख्ख, आमचं मात्र धुक्यातनं बघितल्यासारखं. बहुतेकांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. गावातल्या कोरीनचं अडायचं. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. बैठकीतलं बोलणं खुणांनी सांगणारी बाई पडद्याच्या कोपऱ्यात असायची, पण तिची बोटंच वेगळी दिसायची नाहीत. ‘ही हातमोजे घालून बोलते का?’ कोरीननं एकदा आम्हाला लिहून विचारलं.

थेरेझानं मनावर घेतलं. कायदाच करून घ्यायचा: कंपनीनं इतर चॅनलं जशी दाखवायची, तसंच गावाचंही दाखवायचं. आमदार वेंडेल पार्शली तर आमचाच. आमच्याच स्टुडिओत मासेमारीचा कार्यक्रम करता करता तो घराघरांत पोचला नि निवडून आला.

"विधेयक मीच मांडतो," तो म्हणाला. "तू फक्त कोरीनला घेऊन ये."

सुनावणीला आम्ही तिघं राजधानीला गेलो. कोरीन समितीपुढे उभी राहून हातांनी बोलली, दुभाषी बाई ते मोठ्यानं सांगत गेली. कंपनीच्या वकिलानं एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, जिंकलो.

मग वेंडेल उठला आणि त्यानं आपल्याच विधेयकाला दुरुस्ती सुचवली. ‘तसंच दाखवावं’ याच्यापुढे शब्द जोडले: ‘कंपनीला सोयीचं वाटेल तिथे.’ कागदावरून मान काही वर केली नाही. दुभाषी बाईचे हात क्षणभर थबकले, मग तिनं तेही कोरीनला सांगितलं. कोरीननं कोट उचलला आणि ती बाहेर गेली.

थेरेझानं त्याला बाहेर गाठलं.

"कुणाच्या सोयीचं, वेंडेल?"

"अगं, नाहीतर विधेयकच पडलं असतं."

"सकाळी तूच म्हणालास, मतं पुरेशी आहेत."

"राजकारण तुला नाही कळायचं."

"नसेल कळत. पण हे आधीच ठरलं होतं, तर तिला इतक्या लांब कशाला बोलावलंस? शोभेला?"

"वेंडेल, चल रे, जेवायला उशीर होतोय," वकिलानं जिन्यावरून हाक मारली, आणि तो गेला.

कायदा झाला. पेपरात वेंडेलचा हसरा फोटो आला. थेरेझानं विचारल्यावर कंपनीनं कळवलं, सध्या सोयीचं नाही.

पुढच्या निवडणुकीत उमेदवारांच्या चर्चेसाठी तो स्टुडिओत आला. "याला दारातूनच परत पाठव," मी म्हणालो.

"चॅनल सगळ्यांचं आहे. त्याचंसुद्धा," थेरेझा म्हणाली, आणि तिनं स्वतः त्याच्या कॉलरला माइक लावला.

"अजून राग धरलायस होय?" त्यानं हळूच विचारलं.

"हनुवटी वर घे," ती म्हणाली. त्याच्याशी तेवढंच बोलली.

तो पुन्हा निवडून आला. कोरीननं केबल काढून टाकली. आता ती बैठकीला नगरभवनात येते आणि पुढच्या रांगेत बसते. बर्फ फार असलं की थेरेझा तिला गाडीनं आणते, तोवर कॅमेरा मी सांभाळतो.