पोकळ कणाचा प्रवास

“चिमूटभर तर आण. पुडी बांध, पर्समध्ये टाक. कोण बघतंय?” धाकटी उशीला टेकून म्हणाली. औषधांनी तोंड आतून सोललेलं, त्यामुळे शब्द जपून टाकत होती.

ताईने तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. ताई प्रयोगशाळेत भट्टी सांभाळायची. केस पांढरे झाले तरी तेच काम. वाळू ज्याची असते त्याच सिलिकाचे कण, डोळ्यांना न दिसणारे. त्यांच्यात साबणासारखं काहीतरी भरलेलं असायचं. ते भट्टीत जळून गेलं की कणाच्या पोटात नुसत्या खोल्याच खोल्या उरत. त्यांत औषध भरायचं, दारं लावायची. ती उघडायची थेट कॅन्सरच्या गाठीपाशी. बाकीच्या अंगाला त्रास नको. हे सगळं ताईनेच घरी कौतुकाने सांगितलेलं. आता धाकटीने त्याचाच ध्यास घेतला होता. ताईची पूड येईपर्यंत ही आग ओतणारी सलाईन नको, असं तिने सकाळी नर्सला बजावलं होतं. नर्सने ताईला जिन्यातच गाठलं. तुम्हीच समजवा म्हणाली, ही खेप चुकली तर गाठ पुन्हा डोकं वर काढेल.

“लहानपणी मूठमूठ वाळू खाल्ली मी,” धाकटी हसली. “तेव्हा काही झालं नाही.”

“तुला नाही झालं. लक्ष ठेवलं नाही म्हणून आईच्या हातून माझी पाठ सुजली.”

खिडकीचा पडदा फुगत होता, बसत होता. ऊन पलंगावर ये-जा करत होतं. ताईला वाटलं, आपण दोघी अजून नदीकाठीच आहोत, ओल्या वाळूचे खोपे करतोय, आणि हिच्या ओठांना वाळू चिकटली आहे. हो म्हणावं. काहीतरी पांढरं आणून द्यावं.

“छकुले, ती पूड अजून उंदरांच्या पुढे गेलेली नाही,” ती म्हणाली. “माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील. तुझ्यापर्यंत नाही यायची.”

धाकटी भिंतीकडे वळली. नर्स ट्रे घेऊन आली, तेव्हा पाठमोरी राहूनच तिने हात मागे केला. सुई गेली. थेंब पडू लागले.

“मग ती पूड आत कशी जाते, ते तरी सांग,” धाकटी म्हणाली. “सावकाश सांग.”

ताई सांगू लागली. एक पोकळ कण औषध पोटात घेऊन रक्तातून निघाला. काळजाच्या दारातून गेला, फुप्फुसांतल्या गारव्यातून गेला. कुठे रेंगाळला नाही, कुणाला दुखवलं नाही. धाकटीचा श्वास लांबला, मूठ सैल झाली. ताईने आवाज उतरवला, पण ती थांबली नाही. कण अजून वाटेत होता.