न भरलेली चिठ्ठी

अमरावतीच्या एका रद्दी गोदामात साधना गुडघे टेकून पोती उपसत होती. चार वाजता कागद दाबायचं मशीन सुरू होणार होतं, आणि त्यातून निघालेला गठ्ठा थेट गिरणीत लगद्याला जाणार होता. मालक नत्थुजी भला माणूस. तिची दशा पाहून त्यांनी तीनची वेळ चारवर ढकलली होती. पण पोती दीडशे आणि बाई एकटी.

तिला हव्या होत्या चार वह्या. दोऱ्यानं शिवलेल्या, निळ्या शाईच्या. बार्शीटाकळीच्या देवमनजींच्या वडिलांनी जलशात गायची आपली गाणी त्यांत लिहून ठेवली होती. ती कधी छापली नाहीत, दुसरी प्रत नाही. घरी वाळवी खाईल म्हणून देवमनजींनी त्या अकोल्याच्या वाचनालयात, साधना सांभाळत असलेल्या दुर्मिळ ग्रंथांच्या कपाटात आणून दिल्या होत्या. मोठ्या विश्वासानं.

त्या विश्वासाचं काय झालं ते ऐका. वरून फर्मान सुटलं की दहा वर्षांत ज्याला एकही वाचक नाही, ते मोडीत काढा. दुर्मिळ ग्रंथ काही घरी देत नाहीत, तिथंच बसून वाचायचे, आणि वाचण्याआधी नावाची चिठ्ठी भरायची. संगणक ओळखतो ती चिठ्ठी, माणूस नाही. त्यानं नुसत्या क्रमांकांची यादी ओकली, अकराशे चाळीस. आणि आमच्या साधनाबाईंनी, वीस वर्षांच्या नोकरीत कधी पान चुकवलं नाही त्यांनी, न वाचता खाली सही ठोकली. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. सोमवारी ती रजेवर होती, तेव्हा टेम्पो भरून अमरावतीला गेला. मंगळवारी सकाळी रिकामं कपाट पाहिलं आणि तिनं मिळेल ती एसटी धरली.

सत्तरावं पोतं. दहावीची गाइडं, जुने दिवाळी अंक, कुणाच्या लग्नाच्या पत्रिका. नखं फुटली होती. रडायलाही सवड नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. देवमनजी. महिन्याचा पहिला मंगळवार, त्यांचा वाचायचा दिवस.

"बाई, मी येऊन बसलो. कपाट तं रिकामंच दिसून राहिलं."

तिनं सगळं सांगितलं. सहीसकट.

"पण वाचक नाही कसा?" ते म्हणाले. "मी पंधरा वर्सांपासून येऊन राहिलो. माह्या चिठ्ठ्या असतीलच ना. त्या दाखवा त्याइले."

"नाहीत जी, देवमनजी. मी तुमच्याकडून कधी चिठ्ठी भरूनच घेतली नाही."

"काहून?"

पहिल्याच दिवशी लकव्यानं अधू झालेला त्यांचा हात चिठ्ठीवर अडखळताना पाहून तिला कसंतरी झालं होतं. राहू द्या, चिठ्ठी कशाला, मी आहे ना, असं ती म्हणाली होती. पंधरा वर्षं त्या मोठेपणाचं तिला मनातून कौतुकही वाटत आलं होतं. आता हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

नत्थुजींनी लांबूनच घड्याळाकडे बोट केलं आणि मान खाली घातली. मशीन धडधडायला लागलं.

"बाई," देवमनजी विचारत होते, "हा कायचा आवाज येऊन राहिला?"