दहा मुठी उंच

तीन हजार वर्षांत आमच्या घराण्यातल्या एकाही पुरुषाने कबरस्तानात पाऊल ठेवलेलं नाही. आम्ही ज्यू, त्यातही पहिला पुरोहित अहरोन याचे वंशज, यरुशलेमच्या मंदिराचे पुरोहित. मृत्यूची सावलीसुद्धा आम्हाला वर्ज्य. आईबाप, भावंडं, बायकामुलं एवढ्यांपुरती सूट. बाकी कुणीही गेलं तरी चार हात लांब राहायचं. माझे आजोबा हे इतकं कडक पाळत, की ओडेसात त्यांचा धंदाच थडग्याच्या दगडांचा होता आणि ते फाटकाबाहेर उभं राहून आतल्या गिऱ्हाइकाला ओरडून भाव सांगत.

पुढे ते अमेरिकेत आले. वडिलांनी युटाच्या या खोऱ्यात, झाडून सगळ्या मॉर्मन पंथाच्या ख्रिस्ती लोकांच्या गावात, कपड्यांचं दुकान काढलं आणि ते मी जन्मभर चालवलं. धर्मप्रचाराला परदेशी निघालेला इथला प्रत्येक मुलगा आमच्याकडून दोन सूट घेऊन गेला. ब्राझीलमध्ये जेवढे मॉर्मन झाले, त्यात ‘केगन आणि मुलगा’ या आमच्या दुकानाच्या पँटींचाही वाटा आहे.

डेल्मार सोरेनसन माझा शेजारी. शाळेत भूमिती शिकवायचा आणि काही वर्षं बिशपही होता. इथे बिशपला ना झगा, ना पगार. गावातल्या भांडणांचा निवाडा मात्र त्यानेच करायचा. या जानेवारीत त्याचं हृदय थकलं आणि डॉक्टरांनी त्याला घरी पाठवलं. मी रोज दुपारी जाऊन बसायचो. तो भाजलेल्या जवाचं गरम पाणी प्यायचा. मी माझी कॉफी थर्मासमधून न्यायचो आणि झाकण उघडलं की तो डोळे मिटून एक दीर्घ श्वास घ्यायचा. पिणं पाप, वासाबद्दल त्यांच्या शास्त्रात काही नाही.

एकदा तो म्हणाला, “मायर, मला पुरतील तेव्हा तू जवळ हवास.”

“लाव्हॉनच्या वेळी मी कुठे होतो, आठवतंय ना?”

लाव्हॉन त्याची बायको. तिची कबर कबरस्तानाच्या टेकडीच्या मधोमध आहे आणि शेजारची जागा त्याची.

“रस्त्यावर, टपालपेटीपाशी. मला वरून दिसत होतास. सारखं वाटत होतं, या माणसाला कुणीतरी आत बोलवा.”

“आत येता येत नाही, बिशप. पुरोहित आहे मी.”

“अहरोनाचा पुरोहित मीही आहे. बारा वर्षांचा होतो तेव्हा झालो.”

“आमच्या पूर्वजांनी त्या पदासाठी चाळीस वर्षं वाळवंटात तंगडतोड केली. तुम्ही ते पोरांना पहिल्या टायबरोबर देता.”

“तू तर जन्मानेच अहरोनाचा. आमच्या शास्त्राप्रमाणे बिशप व्हायचा हक्क आहे तुझा. आम्हाला दोन सल्लागार सोबत लागतात, तुला तेही लागत नाहीत. फक्त आधी बाप्तिस्म्याला पाण्यात बुडवून काढू.”

“आणि पगार?”

“काही नाही.”

“मग कोरडाच बरा आहे मी.”

तो हसला आणि हसता हसता खोकला. खोकला बराच वेळ थांबेना. मी त्याच्या पाठीमागे उशी सरकवली. दिवस फार उरले नव्हते. मला एक पळवाट ठाऊक होती, ती मी काढली.

“ऐक. आमच्या काही जुन्या पंडितांचं म्हणणं असं, की हे सोवळं इस्राएलच्या माणसाच्या कबरीपुरतं. परक्याच्या कबरीजवळ गेलं तरी चालतं. तू फक्त म्हण, मी परका आहे. मग येतो.”

डेल्मारने जवाच्या पाण्याचा पेला खाली ठेवला. तरुणपणी त्यांच्यातल्या एका वृद्धाने डोक्यावर हात ठेवून त्याला सांगितलं होतं, तू इस्राएलच्या बारा वंशांपैकी एफ्राईमच्या वंशातला. हे इथे सगळ्यांनाच सांगतात आणि बहुतेक सगळे एफ्राईमचेच निघतात. पण डेल्मारने ते जन्मभर जपलं होतं.

“मी एफ्राईमचा आहे, मायर.”

“तू डॅनिश आहेस.”

“वाटेत डेन्मार्क लागलं.”

“अश्शूरच्या राजाने तुमच्या वंशाला हाकलून नेलं. सत्तावीसशे वर्षं आम्ही तुम्हाला शोधतोय, आणि तुम्ही इथे टर्की कोंबड्या पाळत बसलात?”

“निरोप पाठवायचा राहिला खरा.” मग तो माझ्याकडे वळला. “पण तुला कुठे हे पटतं? तुझ्या मते मी परकाच ना? मग ये की सरळ. मी कशाला काही म्हणायला हवं?”

बरोबर होतं त्याचं. भूमितीचा मास्तर होता. मला त्यातलं अवाक्षरही पटत नव्हतं आणि न पटण्याच्या जोरावर मी आरामात त्याच्या कबरीपाशी उभा राहू शकलो असतो.

“नाही जमणार,” मी म्हणालो. “मी तिथे उभा राहिलो म्हणजे सगळ्या गावासमोर सांगितल्यासारखं होईल, की डेल्मार सोरेनसन जन्मभर भलत्याच भ्रमात होता. तेही तुला उलट उत्तर देता येणार नाही तेव्हा.”

“म्हणजे तू रस्त्यावर उभा राहणार.”

“रस्त्यावर.”

“मी एफ्राईमचा म्हणून.”

“तुझ्यापुरतं धरून चालतो मी.”

त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. त्याचे डोळे भरले होते. मी थर्मासच्या झाकणाशी खेळत बसलो.

“मधे भिंत असली तर?” त्याने विचारलं.

“तर चालतं. दहा मुठी उंच हवी, दोन्ही बाजूंनी. वर झाडाची फांदी नको, तीही छपरात धरतात.”

“जाळीची चालेल?”

“भोकं बारीक असली तर.”

त्याने मूठ वळली आणि पलंगाच्या कडेवर एकेक मूठ ठेवत गेला. मला वाटलं, हात दुखत असेल.

पुढच्या आठवड्यात तो गेला. प्रार्थनागृहात शवपेटी होती, तेव्हा एका छपराखाली जाणं शक्यच नव्हतं. मी थेट टपालपेटीपाशी जाऊन उभा राहिलो. कबरस्तानाच्या फाटकाकडे नजर गेली आणि मला कळेना काय चाललंय.

फाटकापासून टेकडीच्या मध्यापर्यंत माणसांच्या दोन रांगा होत्या. काळे सूट, बरेचसे आमच्याच दुकानातले. प्रत्येकाने पुढ्यात जाळीची एक चौकट उभी धरली होती. टर्की ट्रकमध्ये हाकताना लावतात तसल्या. जमीन गोठून दगड झालेली, खुंट जाईना, म्हणून माणसंच खुंट झाली होती. वाटेवरच्या पॉप्लरची एक फांदी नुकतीच करवतलेली दिसत होती.

नवा बिशप ब्रॅडन ऑलरेड फाटकात आला. तिशीतला पोरगा, टर्की पाळतो.

“ब्रदर केगन, आत या. डेल्मारनी सांगून ठेवलंय. दहा मुठी म्हणाले होते, आम्ही बारा ठेवल्यात. माझी मूठ लहान आहे.”

“कशासाठी, ते विचारलं नाहीत?”

“विचारलं. म्हणाले, मायरने माझं कूळ मानलंय, आता आपण त्याचं मानायचं.”

मी निघालो. चौकटींना पक्ष्यांचा वास येत होता. दोन्हीकडची माणसं समोर बघत उभी होती, कुणी हसलं नाही. एखादा हसला असता तर मला जरा सोपं गेलं असतं. वाट कबरीपाशी संपली. ऑलरेडने हातमोजे काढून शेवटची चौकट लावून घेतली आणि माझ्या उजव्या हाताला ती धरून उभा राहिला. जाळीपलीकडे डेल्मारची पेटी लाव्हॉनशेजारी खाली गेली. त्याच्या थोरल्या मुलाने ती जागा पुनरुत्थानाच्या दिवसापर्यंत देवाच्या हवाली केली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं.

मग कुणी हलेना. सगळे माझ्याकडे बघत होते.

आम्हा पुरोहितांकडे एक आशीर्वाद आहे. तीन ओळींचा, अहरोनापासून चालत आलेला. तो आम्ही इस्राएलच्या लेकरांनाच देतो, दुसऱ्या कुणाला देत नाही. मी प्रार्थनेची शाल डोक्यावर ओढली, दोन्ही हात जाळीवरून पुढे केले, बोटं आमच्या रीतीने फाकवली आणि तिन्ही ओळी हिब्रूत म्हटल्या, सावकाश, एकही शब्द न गाळता. खरं तर हा आशीर्वाद देताना बूट काढायला हवे होते. तेवढं देवाने समजून घ्यावं. टेकडीवर नुसता वारा होता.

मी हात खाली घेतले. ऑलरेडचे डोळे ओले होते. तो जाळीवरून वाकला आणि अगदी हळू म्हणाला,

“ब्रदर केगन, तुमचं झालं असेल तर जरा उजवा पाय उचलता का? माझा हातमोजा आहे खाली.”