एका नळावर दोन चुली

बसा मित्रांनो, सावलीला बसा. पाणी यायला अजून येळ हाय, तवर माझी गोष्ट सांगतो.

मी एक जुना पितळी नळ हाय. निमोणे गावात, दोन भावांच्या अंगणात, धाकल्याची बायको नकुशी, तिच्या घराच्या भितीला चिकटून उभा. भावांच्या बापानं, मारुतरावांनी मला शिरूरच्या बाजारातनं आणलं, टॉवेलात गुंडाळून, एष्टीत मांडीवर घिऊन. तवा असा चकाकायचो, का बाया खाली हंडा लावायच्या आन् माझ्यात तोंड बघून कुंकू नीट करायच्या.

पाणी दिवसाआड, अर्धा तास. बाकी समदा येळ मी सपनात. नदीतनं पाणी निघालं की पाइपातनं आधी वारा येतो, गार, शेवाळाच्या वासाचा. त्या वाऱ्यात मला घोडनदी दिसती. बुडालेल्या बाभळी दिसत्यात. त्यांच्या फांद्यातनं मासे पाखरावानी फिरत असत्यात. मग मी खाकरतो, आन् पाणी येतं.

मारुतराव गेलं. पोरांनी वाटण्या केल्या. घर वाटलं, म्हशी वाटल्या. पाटा एकीकडं गेला, वरवंटा दुसरीकडं. मी तेवढा सामाईक राहिलो. थोरली सून सिंधूबाई आन् धाकली नकुशी, दोघी माझ्यावरच पाणी भरायच्या, पर एकमेकींशी बोलायच्या न्हाईत. बोलायचं ते माझ्याशी.

"नळा, काही लोकांचं पिंप कवा भरतच न्हाई बाबा," नकुशी म्हणायची.

"नळा, काही लोकांच्या तोंडाला तुझ्यावानी चावी पाहिजे व्हती," सिंधूबाई म्हणायची.

पाणीपट्टीचा कागद मारुतरावांच्याच नावानं यायचा. सासऱ्याचा, आबांचा कागद आबांपाशी, म्हणून सिंधूबाई तो त्यांच्या फोटोमागं खोचायची. तिला वाटायचं, नळ नकुशीच्या भितीला, म्हंजी नकुशीच भरत असंल. नकुशीला वाटायचं, आबांचा फोटो थोरलीकडं, म्हंजी थोरली भरत असंल. इचारायचं कुणी? पाच वर्सं झाली. कागदांनी फोटो भितीपासनं पुढं झुकला. मारुतराव वाकून बघत्यात, असं वाटायचं.

यंदा सिंधूबाईची सून हर्षदा बाळंत झाली. पोरगी झाली. सव्वा महिना भरला, तसं पाणी पूजायचं ठरलं. बाळंतिणीनं पाणी पुजल्याबिगर हंड्याला हात लावायचा न्हाई, ही आमच्याकडची रीत. हीर कवाच बुजली, तवा मलाच पूजत्यात. हर्षदानं मला हळदी-कुंकू लावलं, पाच खडे मांडले, म्होरं घुगऱ्या ठिवल्या. नकुशी आपल्या दारातनं बघत व्हती. पदराची गाठ बोटानं चाळवत व्हती.

तेवढ्यात पंचायतीचा पाणी सोडणारा साहेबराव आला. हातात मोठा पाना.

"नळ काढायचा हाय," तो खाली बघत म्हणाला. "पाच वर्सांची बाकी. तीनदा नोटीस दिली."

"कुणाला दिली?" दोघी जावा एकदमच म्हणाल्या.

"मारुतरावांना."

"मग ते काय वरनं येऊन भरत्याल व्हय?" नकुशी म्हणाली.

सिंधूबाई तिच्याकडं वळली. "अगं, पर तू भरती ना?"

"मी? तुमीच भरता ना, बाई?"

बाळ रडाया लागलं. हर्षदा साहेबरावाला हळूच म्हणाली, "मामा, नळ गेला तर बाळाला पाणी कुठनं आणू?"

पान्याचं गार तोंड माझ्या मानेला लागलं. मला भंगाराचं पोतं दिसाया लागलं. तिथं पाणी न्हाई, वारा न्हाई, सपानबी न्हाई.

आन् पाना थांबला. साहेबरावाच्या बोटाला ओलं कुंकू लागलं व्हतं.

"पुजलेल्या नळाला पाना कसा लावू, आक्का?" तो खालीच बसला. "हे बघा. समदे पैशे एकदम कोण मागतंय? पंचायतीत अर्ज द्या, हप्ते पाडून मिळत्यात. पर अर्जाला जित्तं माणूस लागतं. आज पहिला हप्ता भरा. मी सांगतो, पाना घरी इसरला."

सिंधूबाईनं फोटोमागचे कागद उपसले. त्यातनं एक पाल पडली, तशा दोघी जावा एकमेकीला धरून वरडल्या. हर्षदानं बाळ मांडीवर घिऊन अर्ज लिहिला. खाली दोन आंगठे, शेजारी शेजारी. नकुशीनं पदराची गाठ सोडली. बाळाच्या हातावर ठिवायला आणलेली नोट व्हती ती. ती तिनं हप्त्याला दिली. सिंधूबाईनं दुधाच्या पैशातली तशीच दुसरी वर ठिवली.

मग वारा आला. मी खाकरलो.

आता त्या माझ्याशी बोलत न्हाईत, एकमेकींशीच बोलत्यात. जरा एकटं वाटतं, पर बरं वाटतं. आता सपनातल्या नदीवर दोघीजणी हंडे घासत बसलेल्या असत्यात.

तवा मित्रांनो, एवढं करा. घरी गेल्यावर बघा, नळ कुणाच्या नावावर हाय, आन् तो माणूस जित्ता हाय का. आन् भितीपल्याडच्या ज्या माणसाशी बोलणं टाकलंय, त्याला आजच हाक मारून इचारा, "काय वो, पाणीपट्टी भरतं कोण?"