अर्ध्या शेतावरचा शर्ट

"पाणी कुणी मारलं इथं?" विमानातून उतरताच भावोजींनी विचारलं. चाकं गवतात रुतली होती.

"मीच," शेतमालकीणबाई कौतुकाने म्हणाल्या. "विमान येणार म्हटल्यावर धूळ नको उडायला."

त्यांच्या मागे मेहुणा उभा होता आणि मेहुण्याच्या मागे त्याचं ग्लायडर. ग्लायडरला इंजिन नसतं. हवेने साथ सोडली की ते दिसेल त्या शेतात बसतं, आणि मग दोरी बांधून विमानाने पुन्हा हवेत ओढून न्यायला कुणीतरी लागतं. या घरात ते काम जावयाकडे, म्हणजे भावोजींकडे होतं.

"ग्लायडरचे पंख काढू, ट्रेलरवर घालून नेऊ," भावोजी म्हणाले. "ओली जमीन, उन्हाने हवा पातळ झालेली, पुढे झाडं. ओढायला विमानात जीव नाही तेवढा."

"विमानात आहे हो. तुमच्यात नाही," मेहुणा म्हणाला.

तेवढ्यात भावोजींच्या बायकोचा फोन आला. त्यांनी ट्रेलरचं सांगितलं. "उद्या माझ्या भावाच्या स्पर्धेची शेवटची फेरी आहे. ट्रेलर कधी पोचायचा? त्याला तिथं टाकून आलात, तर तुम्हीही तिकडेच राहा."

"आमच्याकडे खोली रिकामी आहे," मालकीणबाई म्हणाल्या.

भावोजींनी अंगातला शर्ट काढून अर्ध्या शेताशी कुंपणावर टांगला. "इथवर माझी चाकं उचलली नाहीत, तर मी दोरी सोडणार. मग रडायचं नाही."

"जरा पुढे टांगा की," मेहुणा म्हणाला.

"शर्ट पुढे गेला म्हणून झाडं मागे सरत नाहीत."

बनियनवरच भावोजींनी इंजिन चढवलं. दोरी ताणली, ग्लायडर हललं. एक गाय शेजारून धावू लागली, आणि ती विमानाच्या पुढे निघाली. शर्ट आला. चाकं अजून चिखलातच. आणखी थोडं बघा की, असं मन म्हणालं. मनाचा आवाज हुबेहूब बायकोसारखा होता. भावोजींनी खटका ओढला. दोरी सुटली. मेहुण्याने ग्लायडर बाजूला वळवलं. विमान मात्र घसरतच राहिलं आणि झाडांपुढे कसंबसं थांबलं.

"उठलं असतं!" मेहुणा ओरडत आला. "अजून जरासं..."

भावोजींनी नुसतं बोट दाखवलं. विमानाचं नाक आणि पहिलं झाड यांच्यामध्ये गाय उभी होती, आणि तिला वळायला जागा नव्हती.

मेहुण्याने फोन काढला.

"ताई, उद्याचं राहिलं गं... नाही, भावोजी तयार होते. मीच नको म्हटलं."

फोन ठेवून तो पंख सोडवायला बसला. पंख सुटला, तेव्हा भावोजींनी त्याचं जड टोक आपल्या खांद्यावर घेतलं.